तीसपैकी तीस जुळले, तरी नवीन किटच्या अहवालावर सही घ्यायला मन धजत नाही

शुद्धकल्चर

नमस्कार मंडळी. रुग्णालयाच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये नऊ वर्षं बेंचवर आहे. आतड्यातल्या ग्राम निगेटिव्ह बॅसिलायची (ग्राम स्टेनमध्ये गुलाबी दिसणाऱ्या काडीसारख्या जिवाणूंची) जात ओळखायला आम्ही पहिल्यापासून एपीआय २० ई ची पट्टी लावतो. तिच्या कप्प्यांतल्या रंगांवरून एक आकडा (प्रोफाइल नंबर) बनतो आणि त्यावरून नाव निघतं. ती हातात इतकी बसली आहे की ५१४४५७२ हा आकडा जुळला की पुस्तक न उघडताच मी ई. कोलाय म्हणते.

आता आमच्या मॅडमनी एक नवीन किट तपासायला दिलंय. पट्टीला १८ ते २४ तास लागतात, हे चार तासांत नाव देतं. ऑक्सिडेज या एन्झाइमच्या टेस्टला निगेटिव्ह असलेल्यांसाठी एक पॅनेल, पॉझिटिव्हसाठी दुसरं. सकाळी कॉलनी उचलली की दुपारी रिपोर्ट. आयसीयूतल्या रुग्णाच्या दृष्टीने हा एक दिवस फार मोठा असतो, त्यामुळे हे किट मला मनापासून हवंय, हे आधीच सांगते. माहितीपत्रकावर ९८ टक्के अचूकता छापली आहे. कंपनीच्या प्रतिनिधीने तीस टेस्ट वापरून बघायला ठेवल्या.

त्या आठवड्यात आलेले पहिले तीस आयसोलेट, म्हणजे रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळे वाढवलेले जिवाणू, मी दोन्हीवर लावले. १९ ई. कोलाय, ६ क्लेब्सिएला न्यूमोनिए, ३ स्यूडोमोनास एरुजिनोसा, २ प्रोटियस मिराबिलिस. तीसच्या तीस नावं जुळली. मॅडम म्हणाल्या, "अहवाल लिही, मी सही करते."

लिहायला बसले आणि अडकले. दोन गोष्टी टोचताहेत.

एका क्लेब्सिएलाच्या पॅनेलमध्ये लायसिनचा कप्पा (हे अमिनो आम्ल जिवाणू फोडतो का, ते बघणारा) नारिंगी आला. तक्त्यात पिवळा म्हणजे निगेटिव्ह, लाल म्हणजे पॉझिटिव्ह, बाकी काही छापलेलं नाही. आमचा धड पिवळाही नव्हता आणि धड लालही नव्हता. मी बेंचवरच्या दिव्याखाली बघितला आणि पॉझिटिव्ह लिहिला. माझ्या सहकाऱ्याने तेच पॅनेल खिडकीपाशी नेलं आणि निगेटिव्ह म्हणाला. दोघांचे प्रोफाइल नंबर वेगळे आले, पण नाव दोन्हीकडे क्लेब्सिएलाच निघालं, म्हणून हिशेबात "जुळलं". पण दुसऱ्या एखाद्या ऑर्गॅनिझमच्या वेळी याच एका रंगाने नाव बदललं असतं तर?

दुसरी गोष्ट जास्त खोलवर आहे. ती तीसही नावं मला किट लावण्याआधीच माहीत होती. मॅककॉन्की अगारच्या प्लेटवर गुलाबी चपटी कॉलनी, चिकट फुगलेली कॉलनी, हिरवट रंग आणि तो गोडसर वास, ब्लड अगारवर पसरत गेलेल्या लाटा. नाव माहीत असताना रंग वाचला की डोळा हवा तोच रंग बघतो, असं मला वाटायला लागलंय.

किती स्ट्रेन, म्हणजे जिवाणूंचे वेगवेगळे वाण, लावायला हवेत, कोणते घ्यायचे, तुलना कशाशी करायची, आणि दोन पद्धतींत फरक आला तर खरं कोणाचं मानायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहावं.

जुनी प्लेट

तुमची शंका योग्य जागी आहे. मी तीस वर्षं हेच काम करते आहे, म्हणून थोडं लांबण लावते, सांभाळून घ्या.

आधी एक अनुभव. सोळा वर्षांपूर्वी आमच्याकडे कित्येक आठवडे ताप असलेल्या रुग्णाची ब्लड कल्चर बाटली चौथ्या दिवशी पॉझिटिव्ह आली. ग्राम स्टेनमध्ये अगदी बारीक ग्राम निगेटिव्ह कोकोबॅसिलाय, स्लाइडवर वाळू सांडावी तसे विखुरलेले. ब्लड अगारवर ४८ तासांनी टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी, मॅककॉन्कीवर काहीच नाही. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, कॅटालेज पॉझिटिव्ह, युरिया दोन तासांत गडद गुलाबी. आम्ही नॉन-फर्मेंटरची (साखर न आंबवणाऱ्या जिवाणूंची) एक व्यावसायिक पट्टी लावली. तिने मोराक्सेला फिनाइलपायरुव्हिका हे नाव दिलं, तेही चांगल्या टक्केवारीने. आम्ही ते मान्य केलं. दोन दिवस ती प्लेट उघड्या बेंचवर होती, आणि चौघांनी ती हाताळली. त्यात मीही होते. संदर्भ प्रयोगशाळेकडून उत्तर आलं, ब्रुसेला, लॅबमधल्या माणसांना सहज लागण करणारा जिवाणू. मग चौघांना तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, आणि पुढे २४ आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने रक्ताची तपासणी. कोणी आजारी पडलं नाही. पण त्या सहा महिन्यांत जरा अंग मोडलं तरी मी रात्री उठून ताप बघायची.

त्या पट्टीने तिचं काम चोख केलं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तिच्या यादीत ब्रुसेला हे नावच नव्हतं. किटला "मला माहीत नाही" हे क्वचितच म्हणता येतं. आलेले रंग पट्टी स्वतःच्या यादीतल्या प्रत्येक नावाशी ताडून बघते आणि सगळ्यांत जवळचं नाव देते. ९९ टक्के म्हणजे या यादीतल्या नावांपैकी हेच असण्याची शक्यता ९९ टक्के. यादीबाहेरच्यांचा तो हिशेबच नाही. एपीआयसारख्या पद्धतीत टक्केवारीच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, टी इंडेक्स. तुमच्या स्ट्रेनचे रंग त्या जातीच्या नेहमीच्या रंगांशी किती मिळतेजुळते आहेत, हे तो सांगतो, आणि तो १ च्या जवळ असेल तितकं बरं. टक्केवारी भरपूर आणि टी कमी, असं दिसलं की मी थांबते. तिथे किट चाचपडत असतं.

म्हणून पहिलं काम बेंचवर न जाता करा. किटच्या डेटाबेसची छापील यादी मागवा आणि तुमच्याकडे गेल्या दोन-तीन वर्षांत आलेल्या ऑर्गॅनिझमच्या यादीशेजारी ठेवा. कोणती नावं त्यात नाहीत त्यावर खूण करा. डेटाबेस शेवटचा कधी अद्ययावत झाला तेही विचारा. एंटेरोबॅक्टर एरोजेनेसचं २०१७ मध्ये क्लेब्सिएला एरोजेनेस झालं. नुसतं नाव बदललेलं असेल तर निभावून नेता येतं. नवीन वेगळी काढलेली जात यादीत नसेल तर मात्र किट तिला जुन्या भावंडाचं नाव देत राहतं. एलिझाबेथकिंगिया अॅनोफेलिस २०११ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदली गेली. ज्यांच्या यादीत ती आली नाही, ती किट तिला मेनिंगोसेप्टिका म्हणतात.

आता स्ट्रेन कोणते. तुमच्या तीसपैकी १९ ई. कोलाय आहेत. ई. कोलाय ओळखायला नवीन किट कशाला हवं? इंडोल टेस्टचा एक थेंब आणि तुमची नजर पुरे. जिथे तुम्ही अडता आणि जिथे चूक झाली तर रुग्णाला किंवा तुम्हाला इजा होईल, तिथे हे किट कसं वागतं ते बघायचंय. लॅक्टोज न फोडणारा, गॅस न करणारा, हलता न येणारा ई. कोलाय घ्या आणि त्याच्या शेजारी शिगेला ठेवा. साल्मोनेला टायफी घ्या, त्याचा हायड्रोजन सल्फाइड एवढासा, सिट्रेट निगेटिव्ह, ऑर्निथिन निगेटिव्ह. पॅराटायफी ए घ्या, त्याचं लायसिन निगेटिव्ह आणि हायड्रोजन सल्फाइड पहिल्या दिवशी बहुधा दिसतच नाही. एरोमोनास आणि व्हिब्रियो जोडीने लावा. स्टेनोट्रोफोमोनास, बर्कहोल्डेरिया सेपेशिया, अॅसिनेटोबॅक्टर, मॉर्गनेला, प्रॉव्हिडेन्सिया हे सगळे थोडे थोडे. एकाच जातीचे दहा लावण्यापेक्षा दहा वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले लावले तर जास्त कळतं.

ब्रुसेलाचा संशय असलेलं काहीही या तपासणीत आणू नका. ते किटवर लावायचंच नाही. प्लेट सील करा, सेफ्टी कॅबिनेटमध्ये ठेवा आणि संदर्भ प्रयोगशाळेला कळवा.

आकडेमोड

मी बेंचवरचा नाही, आकडेवारीचा माणूस. निदान-चाचण्यांच्या तपासणीत हिशेबाला बसतो, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो.

तीसपैकी तीस म्हणजे १०० टक्के नव्हे. एकही चूक झाली नसेल तर ३ ला नमुन्यांच्या संख्येने भागायचं. चुकीचं खरं प्रमाण ९५ टक्के खात्रीने त्याच्या आत असतं. ३ भागिले ३० म्हणजे १० टक्के. म्हणजे तुमच्या निकालानंतरही हे किट दहात एकदा चुकणारं असू शकतं. शंभरपैकी शंभर जुळले असते तर ती मर्यादा ३ टक्क्यांवर आली असती.

आता हे जातवार बघा. स्यूडोमोनासचे तीनपैकी तीन जुळले. इतक्या लहान संख्येला वरचा सोपा नियम चालत नाही, नीट गणित करावं लागतं, आणि ते सांगतं की किटची स्यूडोमोनासपुरती खरी अचूकता ३७ टक्के असली तरी तीनही जुळण्याची शक्यता वीसात एक उरते. प्रोटियस दोनच, तिथे हाच आकडा २२ टक्के. तुमच्या अहवालात "१०० टक्के" असं एकच वाक्य असेल तर वाचणाऱ्याला वाटेल की चारही जातींबद्दल सारखीच खात्री आहे. आकडा जातवार द्या आणि प्रत्येकाशेजारी संख्या लिहा.

आणखी एक सापळा बहुतेक अहवालांत सापडतो. दोन पद्धतींत फरक आला की लोक फक्त ते फरकाचे नमुने तिसऱ्या पद्धतीवर लावतात. त्यात काही नव्या किटच्या बाजूने लागतात आणि अचूकता वर जाते. खाली ती कधीच येत नाही, कारण जुळलेले नमुने पुन्हा तपासलेच जात नाहीत. दोन्ही पद्धती मिळून चुकलेल्या असतील तर ती चूक कायमची "जुळलेल्या" खात्यात राहते. म्हणून तिसऱ्या पद्धतीकडे जुळलेल्यांपैकीही काही पाठवा, आणि ते चिठ्ठ्या टाकून निवडा, मनाने नको.

निकालाची खातीही वेगळी ठेवा. जात बरोबर, वंश बरोबर पण जात चुकली, नाव देता आलं नाही, आणि साफ चुकीचं नाव. तिसरं आणि चौथं कधीही एकत्र करू नका. नाव न देणारं किट तुम्हाला दुसरी टेस्ट लावायला लावतं. चुकीचं नाव देणारं किट तुम्हाला घरी पाठवतं.

तेलाचा थेंब

वरच्या दोघांनी मोठं सांगितलंय, मी बारीकसारीक सांगतो. किट खराब म्हणून परत पाठवायला निघालेल्या तीन लॅबमध्ये मी स्वतः बसून बघितलं आहे. तिन्ही ठिकाणी दोष किटमध्ये नव्हता.

एका ठिकाणी ऑक्सिडेज मॅककॉन्कीवरच्या कॉलनीतून करत होते. तिथे लॅक्टोजमुळे आम्ल झालेलं असतं, उत्तर फसवं येतं. ऑक्सिडेज ब्लड अगारवरूनच करा, आणि निक्रोम लूपने नको, लाकडी काडीने किंवा प्लॅटिनमने करा. तुमच्या नव्या किटमध्ये ऑक्सिडेजवरून पॅनेलच बदलतं, म्हणजे पहिल्याच पायरीला चूक झाली तर पुढचं सगळं वाया.

दुसऱ्या ठिकाणी सस्पेन्शन (जिवाणू द्रवात कालवून केलेलं मिश्रण) अंदाजाने करत होते. दाट झालं की कमकुवत प्रतिक्रियाही पॉझिटिव्ह दिसते, आणि पातळ झालं तर चार तासांच्या किटला रंग आणायला पुरेसे जिवाणूच नसतात. पट्टीला २४ तास वाढायला मिळतात, ती सांभाळून घेते. चार तासांचं किट वाढीवर फारसं अवलंबून नसतं, तुम्ही घातलेल्या जिवाणूंमधल्या तयार एन्झाइमवर चालतं. त्यामुळे गढूळपणा मॅकफारलंडच्या, म्हणजे गढूळपणाच्या ठरलेल्या मापाच्या, नळीशेजारी धरून, मागे काळ्या रेघा असलेला कागद ठेवून, रोज मोजा. माहितीपत्रकात कितवा मॅकफारलंड लिहिलाय तो बघा, सगळ्यांचा ०.५ नसतो.

तिसऱ्या ठिकाणी इंडोल टेस्टचं कोव्हॅक्स रिएजंट तपकिरी पडलेलं होतं. बाटली उजेडात होती. सगळे इंडोल निगेटिव्ह, आणि त्यामुळे क्लेब्सिएला ऑक्सिटोकाचे सगळे न्यूमोनिए झाले होते.

आणि प्युरिटी प्लेट! किटमध्ये घातलेल्याच सस्पेन्शनमधून एक लूप ब्लड अगारवर ओढा. दुसऱ्या दिवशी दोन प्रकारच्या कॉलनी दिसल्या तर किटने दिलेलं नाव कोणाचंच नाही. तीस टेस्टच्या वेळी तुम्ही ती लावली होती का?

शुद्धकल्चर

लावली नव्हती. प्रामाणिकपणे सांगते, पट्टीसाठी आम्ही नेहमी लावतो, पण नव्या किटचं उत्तर दुपारीच आलं आणि प्युरिटी प्लेट मागे राहिली. वेगाच्या नादात पहिली सुटली ती हीच गोष्ट.

मॅडमना हा धागा दाखवला. त्यांनी सगळं वाचून काढलं आणि अहवाल थांबवला. आता तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरतो. आमच्याकडे सीक्वेन्सिंग (जिवाणूचा डीएनए वाचून ओळख पटवणं) नाही. पट्टीलाच खरं मानलं तर नव्याला जुन्याच्या चुकांसकट मोजल्यासारखं होईल. नळ्यांमधल्या जुन्या बायोकेमिकल टेस्ट आम्ही अजून करतो, टीएसआय, सिट्रेट, युरिया, इंडोल, एमआर-व्हीपी, मोटिलिटी आणि मोलरच्या माध्यमातल्या तीन अमिनो आम्लांच्या. फ्रीझरमध्ये उणे ७० ला ग्लिसरॉलमधले स्टॉक आहेत, त्यातले काही संदर्भ प्रयोगशाळेने नाव पक्कं करून दिलेले. तेवढ्यावर भागेल का?

जुनी प्लेट

भागेल, आणि चांगलं भागेल. नळ्या हीच कित्येक वर्षं कसोटी होती, या किटच्या याद्या त्यांच्यावरूनच बनल्या आहेत. नळीत लायसिन जांभळं राहिलं की राहिलं, तिथे नारिंगीचा वाद होत नाही. शिवाय शेजारी अमिनो आम्लाशिवायची कंट्रोल नळी असते.

सीक्वेन्सिंगला देवत्व देऊ नका. १६ एस जीनचे दीड हजार बेस वाचूनही ई. कोलाय आणि शिगेला वेगळे होत नाहीत. मॅल्डी-टॉफलाही (प्रथिनांच्या वजनांवरून जिवाणू ओळखणाऱ्या यंत्राला) ते नेहमीच्या पद्धतीने जमत नाही. तिथे लायसिन, मोटिलिटी, गॅस आणि शेवटी अँटिसीरम (ठरावीक जिवाणूशीच गुठळी करणारं सीरम) हेच उपयोगाचं. टायफीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, व्हीआय अँटिजेन (जिवाणूचं बाहेरचं आवरण) वरून झाकत असेल तर ओ सीरमशी गुठळी होत नाही. सस्पेन्शन उकळत्या पाण्यात ठेवून पुन्हा बघा.

फ्रीझरमधून काढलेला स्टॉक थेट लावू नका, दोनदा सबकल्चर करा. पहिल्या वाढीतले जिवाणू अजून सावरलेले नसतात, रंग फिके येतात.

तुम्ही जे करताय त्याला व्हेरिफिकेशन म्हणतात. निर्मात्याने जो दावा केलाय तो तुमच्या हातात, तुमच्या रुग्णांच्या नमुन्यांवर टिकतो का, हे बघणं. सीएलएसआय या प्रयोगशाळा-मानकांच्या संस्थेचा एम ५२ हा दस्तऐवज २०१५ मध्ये नेमका याच कामासाठी निघाला. आयएसओ १५१८९ या वैद्यकीय प्रयोगशाळांच्या मानकाचं मूल्यांकन असेल तर हे कागद मागतातच. पण कागदासाठी करू नका. दोघांनी वेगवेगळं वाचलेल्या त्या नारिंगी कप्प्यासाठी करा.

शुद्धकल्चर

सहा आठवड्यांनी परत आले आहे. उशीर झाला, कारण रोजचं काम सांभाळूनच हे करावं लागलं. जे केलं ते लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

कंपनीकडून आणखी टेस्ट मागवल्या, आणि मुद्दाम दोन वेगळ्या लॉटच्या (उत्पादनाच्या खेपांच्या) मागवल्या. एकूण ६४ स्ट्रेन. त्यातले २० रोजच्या कामातले, बाकी फ्रीझरमधून निवडलेले. रोज सुरुवातीला ई. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि स्यूडोमोनास एटीसीसी २७८५३, हे ओळख पक्की असलेले कंट्रोल स्ट्रेन. नळ्यांचं काम मी केलं आणि उत्तरं पाकिटात बंद केली. नळ्यांवर नुसते आकडे. सस्पेन्शन दुसऱ्या सहकारी मुलीने केलं, तिला नावं माहीत नव्हती. वाचायला दोघं, एकमेकांचा कागद न बघता. त्यातला एक तोच माझा खिडकीवाला सहकारी. दहा स्ट्रेन तीन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा लावले, न सांगता, वेगळ्या आकड्यांनी.

पाकीट उघडलं तेव्हा आम्ही चौघं बेंचभोवती उभे होतो. मॅडम एकेक नाव वाचत होत्या, मी किटचा कागद धरला होता.

जात बरोबर ५५. वंश किंवा गट बरोबर पण जात चुकली असे ४. नाव देता आलं नाही असे ३, त्यातले दोन पॅराटायफी ए. साफ चुकीचे २. एका न हलणाऱ्या, लॅक्टोज न फोडणाऱ्या ई. कोलायला किटने शिगेला म्हटलं. आणि एका एरोमोनासला व्हिब्रियो. तो एरोमोनास ६ टक्के मिठात वाढत नाही, ओ/१२९ या औषधाच्या चकतीला दाद देत नाही, नळ्यांमध्ये काही संशयच नव्हता. किटने मात्र खात्रीच्या टक्केवारीने व्हिब्रियो छापलं. अतिसाराच्या रुग्णाच्या रिपोर्टवर हे नाव गेलं असतं तर पुढे काय धावपळ झाली असती, ते सांगायला नको.

मग आकडेमोड यांचं ऐकून न जुळलेल्यांबरोबर जुळलेले सहाही चिठ्ठ्या टाकून संदर्भ प्रयोगशाळेकडे सीक्वेन्सिंगला पाठवले. खरं सांगते, त्या सहांकडून माझी काहीच अपेक्षा नव्हती. सहातला एक एलिझाबेथकिंगिया होता. नळ्यांवरून मी मेनिंगोसेप्टिका लिहिलं होतं, नवीन किटनेही तेच, नॉन-फर्मेंटरसाठी आम्ही लावतो त्या दुसऱ्या पट्टीनेही तेच. तीन पद्धती, एक नाव, आणि उत्तर आलं अॅनोफेलिस. म्हणजे जात बरोबर ५४ आणि वंश बरोबर पण जात चुकलेले ५. ती चिठ्ठी निघाली नसती तर माझ्या अहवालात तो कायम बरोबरच्या रकान्यात राहिला असता. आता उरलेले दोन एलिझाबेथकिंगियाही पाठवले आहेत.

वाचनाच्या फरकांचं म्हणाल तर ६४ पॅनेलमध्ये दोघांचे ११ कप्प्यांवर एकमत झालं नाही. त्यातले सात लायसिनचे. पहिल्या दिवसापासून जो कप्पा टोचत होता, तोच. आम्ही प्रयोग म्हणून तेच पॅनेल चार तासांनी, पाच तासांनी आणि सहा तासांनी बघितलं. चार तासांना जो पिवळसर होता तो सहा तासांनी स्पष्ट नारिंगी झालेला. आमच्याकडे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीमुळे वाचन कधी चार तासांनी, कधी पाच तासांनी व्हायचं. आता पॅनेलच्या झाकणावर मार्करने लावल्याची वेळ लिहितो, टायमर लावतो, आणि पांढऱ्या टाइलवर, एकाच दिव्याखाली वाचतो. त्यानंतरच्या वीस पॅनेलमध्ये एकाच कप्प्यावर मतभेद झाला.

मॅडमनी सही केली, पण अटी घालून. लघवी आणि जखमांच्या नमुन्यांतले ऑक्सिडेज निगेटिव्ह किटवर जातील. विष्ठेतून आलेला संशयित आणि रक्तातून आलेला कोणताही साल्मोनेला किंवा शिगेला अँटिसीरमशिवाय रिपोर्ट होणार नाही. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह पॅनेल सध्या घेतलेलंच नाही. मॅककॉन्कीवर न वाढणारा, सावकाश येणारा बारीक कोकोबॅसिलाय कोणत्याही किटवर लावायचा नाही, हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत छापून सेफ्टी कॅबिनेटच्या काचेवर चिकटवलं आहे. जुनी प्लेट मॅडम, ते तुमच्यामुळे.

कंपनीच्या प्रतिनिधीला एरोमोनासची सगळी माहिती, प्रोफाइल नंबरसकट पाठवली. त्याने स्ट्रेन मागितला आहे.

तेलाचा थेंब

स्ट्रेन द्याच. पुढच्या डेटाबेसमध्ये जे येतं ते असंच येतं. आणि त्या दोन पॅराटायफी एचं काय करताय? "नाव नाही" आलं की पुढची पायरी बेंचवर लिहिलेली आहे का, की जो त्या दिवशी ड्युटीवर असेल तो ठरवणार?

शुद्धकल्चर

लिहिलेली नव्हती. तुमचं वाचून आज लिहिली. नाव न आल्यास प्युरिटी प्लेट बघायची, शुद्ध असेल तर त्याच कॉलनीतून टीएसआय, लायसिन आणि ऑर्निथिनच्या नळ्या त्याच दिवशी लावायच्या, आणि डॉक्टरांना फोनवर नाव न सांगता एवढंच सांगायचं की ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय आहे, ओळख चालू आहे, उद्या दुपारपर्यंत कळवतो.